लग्नपत्रिकेच्या चौकटीची कैफियत

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी चौकट आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नको. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगायला लागल्या की ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा, असा रिवाज आहे. तो मला मान्य नाही. जिंतूरच्या एका छापखान्यात तीस-एक वर्षं मी लग्नपत्रिका छापल्या. हजारो लग्नं माझ्यातून गेली. त्यातल्या एका पत्रिकेवरून माझ्यावर ठपका आला. 'चौकटच तशी आहे, तिला काय करणार,' असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलं. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देते.

माझा जन्म हैदराबादच्या एका ओतीव लोखंडाच्या कारखान्यात झाला. तिथल्या मिस्तरीनं कानशीनं घासून माझे चारही कोपरे काटकोनात आणले. मग रेल्वेनं परभणी, आणि परभणीहून एस.टी.च्या टपावर केळीच्या घडांशेजारी बांधून जिंतूर. साल एकसष्ट. दिनकररावांनी नुकताच छापखाना काढला होता. बाजाराकडं जाणाऱ्या गल्लीत पुढं टेबल-खुर्ची आणि मागं पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, एवढाच पसारा. दिनकरराव मालक, स्वभावानं नेटके आणि भित्रे. अडचण आली की ते चष्मा पुसायला लागत. दुसरा माणूस भुजंग, आमचा जुळारी. शिशाच्या उलट्या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात. ते खणांतून एकेक उचलून ओळ जुळवतो तो जुळारी. भुजंग जुळारीही होता आणि यंत्र चालवणाराही तोच.

माझं काम कसं चालायचं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लग्नघरचा माणूस आला की दिनकरराव त्याच्यापुढं एक छापील चिठ्ठी सरकवत. तिच्यावर डावीकडं मथळे असत. वराचे नाव, वराच्या वडिलांचे नाव, वधूचे नाव, गाव, तारीख, वेळ, स्थळ, निमंत्रक. त्यांच्यापुढं ज्यानं त्यानं आपापला मजकूर भरायचा. चिठ्ठीवरचा हा मजकूर म्हणजे नुसतं सामान. त्याला रूप देणारी मी. प्रत्येक मथळ्यासाठी माझ्यात एक ठरलेली जागा होती. वराचं नाव मधोमध, जाड अक्षरांत. वडिलांचं नाव त्याखाली, बारीक. वडील हयात नसले तर नावाआधी 'कै.' बसवायचं. निमंत्रक दोन असोत की बावीस, एकाखाली एक ओळ वाढवत जायची आणि त्यांचा क्रम वयानं लावायचा. मानानं लावला तर लग्नाआधीच भांडणं होतात, हे दिनकरराव अनुभवानं शिकले होते.

तीच चिठ्ठी माझ्या शेजारच्या छोट्या चौकटीत गेली की तिचं पोस्टकार्ड होई. मोठ्या चौकटीत गेली की भिंतीवर डकवायचं पत्रक होई. माणसं तीच, तारीख तीच, गाव तेच, आणि चौकट बदलली की सगळ्याचं रूप बदलायचं. मला याचा फार ताठा होता.

आणि ज्या ओळी चिठ्ठीवर कधी येतच नसत, त्या माझ्यात कायमच्या बसवलेल्या होत्या. सगळ्यांत वर गणपतीचा ठोकळा. त्याखाली 'श्री गणेशाय नमः'. मग 'कुलदेवतेच्या कृपेने', मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', आणि खाली 'या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे'. छापखान्यात त्यांना पक्क्या ओळी म्हणत. एक पत्रिका छापून झाली की भुजंग नावागावाचे खिळे काढून खणांत टाकी, पक्क्या ओळी मात्र जागच्या हलत नसत. त्यामुळं त्यांचं प्रूफही कधी निघत नसे. नव्यानं जुळवलेल्या ओळींवर शाई फिरवून भुजंग कागदाची एक लांबट पट्टी उमटवी, आणि गिऱ्हाईक तेवढीच पट्टी वाचून सही करी. पक्क्या ओळी कोण वाचणार? त्या तर सगळ्यांच्याच असतात, असं तिथं सगळे धरून चालत.

या पद्धतीनं एकदा चांगलीच फजिती केली. बोरीचे बन्सीधर नावाचे एक मोठे शेतकरी होते. त्यांच्या मुलाच्या पत्रिकेवर बन्सीधरांच्याच नावाआधी 'कै.' छापून आलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं 'कै.' माझ्यात राहून गेलं होतं, आणि प्रूफाच्या पट्टीवर ते दिसणार नव्हतंच. बन्सीधर गठ्ठा घेऊन आले, टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "दिनकरराव, मी जित्ता हाय का न्हाई, तेवढं सांगा. म्हंजी तसं घरी जाऊन सांगतो."

दिनकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. चहा आला, पान आलं, आणि दुपारपर्यंत दोनशे पत्रिका नव्यानं छापून झाल्या. बन्सीधरांना पुढं वर्षभर गावात कैलासवासी म्हणत, ते मात्र कुणाला खोडता आलं नाही. चूक झाली म्हणून पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या, पण दिनकररावांनी त्या दिवशी कागद-शाईच्या खर्चाची कुरकुर केली नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि मराठवाडा पेटला. हे पेटणं नुसतं बोलण्यातलं नव्हतं. कितीतरी खेड्यांतल्या बौद्ध वस्त्यांमध्ये घरं जळाली, माणसं मारली गेली, लोकांना गावच्या विहिरीवर येऊ देईनात. वर्तमानपत्र छापखान्यात रोज येई. एरवी बातम्या मोठ्यानं वाचून दाखवणारे दिनकरराव त्या दिवसांत मनात वाचू लागले. मोर्च्यांची पत्रकं छापून घ्यायला दोन्ही बाजूंची माणसं येऊन गेली. दोघांनाही दिनकररावांनी सांगितलं, शाई संपली. मी तिथंच होते, मित्रांनो. शाईचे डबे काठोकाठ भरलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात रंगनाथ आले. रंगनाथ बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलकुली होते, म्हणजे घमेलं-फावडं घेऊन रस्त्याचे खड्डे बुजवत हिंडणारे. बरोबर त्यांची थोरली मुलगी सत्यशीला. परभणीच्या कॉलेजातून ती बी.ए. झाली होती. तिचं लग्न वसमतकडच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं, आणि पत्रिकेची चिठ्ठी भरायला ती स्वतः आली होती. नवरीनं येऊन आपल्या लग्नाची चिठ्ठी भरावी, हे आमच्या छापखान्यात पहिल्यांदाच घडत होतं. दिनकररावांनी तिला खुर्ची दिली नाही. तिनं उभ्यानंच चिठ्ठी भरली.

सगळे मथळे भरून झाले आणि ती थांबली. पत्रिकेच्या वर काय असावं, हे लिहायला चिठ्ठीवर जागाच नव्हती. मग तिनं चिठ्ठी उलटली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'आम्ही बौद्ध आहोत. गणपती, कुलदेवता, श्रीकृपा यांपैकी काही नको. वर नमो बुद्धाय आणि शेवटी जय भीम छापावे. मुहूर्त हा शब्द नको.' त्याखाली तिनं ठळक रेघ ओढली.

भुजंगनं ती चिठ्ठी नेहमीसारखी भिंतीवरच्या आकड्याला अडकवली, छापील बाजू पुढं करून. मथळे वाचत वाचत त्यानं ओळी जुळवल्या. चिठ्ठीला मागची बाजू असते, हे त्या छापखान्यात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. प्रूफाची पट्टी रंगनाथ घरी घेऊन गेले, सत्यशीलानं ती तपासली, सगळी नावं बरोबर होती, तिनं सही करून पाठवली. आणि मी तीनशे पत्रिका छापल्या.

लग्नाला बारा दिवस उरले असताना बापलेक दुपारी पत्रिका न्यायला आले. रंगनाथांनी गठ्ठा उचलायला हात पुढं केले. सत्यशीलानं वरची एक पत्रिका काढून वाचायला घेतली, ती अगदी पहिल्या ओळीपासून. पक्क्या ओळी वाचणारं माणूस मी तेव्हा प्रथम पाहिलं.

"हे काय हाय?" ती म्हणाली.

"पत्रिका," दिनकरराव म्हणाले.

"कुणाची?"

"तुमचीच की. नाव वाच ना."

"नाव आमचं हाय. नावाच्या वरलं कुणाचं हाय?"

दिनकररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "अगं, ते सगळ्यांच्याच पत्रिकेवर असतं."

"पाणी भरायच्या येळंला आमी सगळ्यांत नसतो," सत्यशीला म्हणाली. "मग गणपती छापायच्या येळंला कसे काय सगळ्यांत आलो?"

यंत्राजवळ उभा असलेला भुजंग हे ऐकत होता. त्यानं आकड्यावरची चिठ्ठी काढली, उलटली, वाचली. त्याची मान खाली गेली. "मालक, चुकी माझी हाय," तो म्हणाला. "म्या मागली बाजू बघितलीच न्हाई."

"तुझी कसली चूक?" दिनकरराव घाईनं म्हणाले. "चौकटच तशी आहे. त्या ओळी पक्क्या आहेत. तिला काय करणार?"

हाच तो ठपका, मित्रांनो. मला जीभ असती तर मी तिथंच बोलले असते. हैदराबादहून आले तेव्हा मी रिकामी होते. माझ्या लोखंडात एकही देव नव्हता आणि एकही मुहूर्त नव्हता. त्या ओळी दिनकररावांनी सांगितल्या, भुजंगनं बसवल्या, आणि अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून त्या पक्क्या झाल्या. माणसं ठरवतात आणि नाव लोखंडाचं करतात, हे मी खपवून घेणार नाही. पण माझी स्वतःची खोटही मी लपवणार नाही. मला त्या ओळींचा गर्व होता. त्या म्हणजेच मी, असं मी धरून बसले होते. तीनशे वेळा मी त्या ओळी कागदावर दाबल्या आणि एकदाही मला खटकलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

दिनकररावांनी तोडगा काढला. "असं करू, वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून देतो. तीनशेच तर आहेत. खालचं काही दिसणार नाही."

"झाकून न्यायला आमी चोरी केली न्हाई," सत्यशीला म्हणाली.

रंगनाथ मात्र डगमगले होते. बारा दिवसांत गावोगाव पत्रिका पोचवायच्या होत्या. उन्हातान्हात रस्त्यावर राबलेला माणूस, त्याला कुणाशी वाद नको होता. ते हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे बाई. कोण वाचतंय वरलं? दिस थोडे ऱ्हायलेत."

सत्यशीला वडिलांकडं वळली. "दादा, आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव टोपल्यात घातले आन पूर्णेत सोडून आला. गावानं वाळीत टाकलं, बलुतं बंद केलं, तरी परत आणले न्हाईत. ते ह्यांनी माझ्या पत्रिकेवर आणून बसवलेत. आता ही पत्रिका मी कुणाच्या हातात देऊ? आज्या असता तर त्याच्या हातात दिली असती का तुमी?"

रंगनाथांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग त्यांनी गठ्ठा उचलला, दिनकररावांपुढं ठेवला आणि म्हणाले, "पुन्यांदा छापा."

तेव्हा कुठं दिनकररावांच्या मनातलं बाहेर आलं. "दिवस कसे आहेत ते दिसतंय ना तुम्हाला? माझ्या यंत्रावर जय भीम छापलं, आणि उद्या कुणी येऊन छापखान्याला काडी लावली तर मी कुठं जाऊ?"

"तुमाला उद्याचं भ्या हाय," सत्यशीला म्हणाली. "आमी तेच भ्या उशाला घेऊन वरीसभर झोपायलोत."

दिनकररावांनी नजर गठ्ठ्याकडं वळवली. बोलला तो भुजंग, आणि मालकाकडं न बघता बोलला. "बन्सीधररावाच्या पत्रिका आपुन दुपारपत्तर छापून दिल्या होत्या, मालक. त्यांला पट्टी चिकटवा म्हणलो न्हाई."

"अरे, पण अठरा वर्षं त्या ओळी हललेल्या नाहीत. उपसायला गेलास तर चौकट मोडेल."

मोडू द्या की, असं मला ओरडून सांगायचं होतं.

दिनकररावांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "छापा. पण खाली छापखान्याचं नाव नको."

सत्यशीलाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला आमच्या छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत येई. बन्सीधरांना कैलासवासी करणाऱ्या पत्रिकेवरही ते होतं. आता एक पत्रिका खरीखुरी बरोबर छापायची वेळ आली, तर मालकाला आपलं नाव नको झालं. मी आतून तापले. पण लोखंड तापलं तरी बाहेर काही दिसत नाही.

भुजंगनं मला दगडी फरशीवर आडवं केलं. पाचरी सैल केल्या. पक्क्या ओळी हलेनात. अठरा वर्षांची शाई खिळ्यांच्या फटींत वाळून दगड झाली होती. त्यानं रॉकेल ओतलं, थांबला, पुन्हा ओतलं. मग लाकडी मोगरीनं ठोकायला सुरुवात केली. गणपतीचा ठोकळा पहिल्यांदा सुटला. भुजंगनं तो कपाळाला लावला आणि नीट पुसून खणात ठेवला, कारण तो त्याचा देव होता. मग एकेक ओळ निघत गेली. मला दुखलं का, म्हणून विचाराल तर हो, दुखलं. पण शेवटची ओळ निघाली आणि मधली जागा रिकामी झाली, तेव्हा अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यातून वारा गेला. ओळी गेल्या तरी मी होतेच. हे मला त्या दिवशी कळलं.

मात्र शेवटच्या घावानं एक नुकसान केलं. माझ्या आतल्या कडेनं पितळेची बारीक पट्टी होती, तिचीच पत्रिकेवर किनार उमटे. मोगरी निसटली आणि डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात पट्टीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. त्या मापाची दुसरी पट्टी छापखान्यात नव्हती. हैदराबादहून मागवायला दिवस नव्हते. भुजंगनं भीतभीत कोपरा सत्यशीलाला दाखवला.

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली. "वाचता येतंय न्हवं? मग झालं."

दुसरी अडचण चित्राची. ठोकळ्यांच्या खणात गणपती तीन आकारांचे होते, कलश होते, सनई-चौघडा होता, केळीचे खांब होते. बुद्ध एकही नव्हता. अठरा वर्षांत त्याची कुणी मागणीच केली नव्हती, असं दिनकरराव म्हणाले. आपणही कधी कुणाला विचारलं नव्हतं, हे ते म्हणाले नाहीत. भुजंगनं सागाचं एक फळकूट घेतलं आणि त्याच्यावर पिंपळाचं पान कोरलं. मधली शीर, बाजूच्या रेषा, खालचं लांब टोक. ठोकळ्याची उंची खिळ्यांबरोबर आली नाही तर तो उमटत नाही, म्हणून त्यानं खाली कागदाच्या घड्या सारून उंची जमवली. मग नव्या ओळी जुळवल्या. 'नमो बुद्धाय'. 'मंगल परिणय'. 'सकाळी अकरा वाजता'. शेवटी 'जय भीम'. खिळे तेच होते. 'शुभमुहूर्ता'तून निघालेला भ 'भीम'मध्ये जाऊन बसला आणि तिथंही तो तितकाच घट्ट बसला.

पहिली पत्रिका निघाली ती भुजंगनं स्वतः वरपासून खालपर्यंत वाचली. मग सत्यशीलाच्या हातात दिली. तिनं वाचून वडिलांना दिली. रंगनाथांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्यांनी ती पत्रिका धरली, पिंपळाच्या पानावरून बोट फिरवलं, आणि ओली शाई बोटाला लागली. ते बोट त्यांनी पुसलं नाही.

संध्याकाळपर्यंत तीनशे पत्रिका झाल्या. छापखान्याला कुणी काडी लावली नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं मात्र कायमची तुटली. सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट झाली, ती दिनकररावांच्या हिशेबात नव्हती. लग्नानंतर महिन्याभरानं गीताबाई नावाच्या एक बाई टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून घडी घातलेली पत्रिका काढली. "असलीच पायजे. माज्या पोराची."

दिनकररावांनी पत्रिका उलटसुलट केली. "ही आमच्याकडची कशावरून? खाली नाव कुठं आहे?"

"नाव न्हाई, ते ठावं हाय," गीताबाई म्हणाल्या. "आमच्यात समद्यांला म्हाईत झालंय. जिंतुरात ज्याचा कोपरा तुटका हाय, त्यो छापखाना आपली पत्रिका छापतोय. ह्यो बघा कोपरा."

दिनकररावांनी तो कोपरा निरखला. नाही म्हणायची सोय नव्हती. समोर यंत्रावर मीच चढलेली होते, आणि तिथं कुणा कापड दुकानदाराच्या मुलीची पत्रिका छापत होते, तोच तुटका कोपरा घेऊन. गीताबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि एकदा दिनकररावांकडं. दिनकररावांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, "बसा बाई. चिठ्ठी भरू."

त्या चिठ्ठ्या आता नव्या होत्या. पहिल्या तीनशे फुकट गेलेल्या पत्रिकांची मागची बाजू कोरी होती, भुजंगनं त्यावरच नवीन चिठ्ठ्या छापल्या होत्या. त्यांच्यावर सगळ्यांत पहिला मथळा होता, 'पत्रिकेच्या वर काय छापावे?' हा प्रश्न नुसता बौद्धांना नव्हता. जो येईल त्याला होता. बाजारातले एक गृहस्थ तर चिडलेच. "आता हे बी इचारायलाव का? तुमाला ठावं न्हाई का?"

"न्हाई," भुजंग म्हणाला. "आता कुणाचंच ठावं न्हाई. लिव्हा."

आणि लोक लिहायला लागले. कुणी खंडोबा लिहिला, कुणी तुळजाभवानी. मुसलमान घरांतल्या पत्रिका येऊ लागल्या. बहुतेकांनी गणपतीच लिहिला, आणि मी तो आनंदानं छापला, कारण तो त्यांनी मागितला होता. एकानं ती जागा कोरी सोडली. भुजंगनं ती कोरीच छापली.

पुढं परभणीत ऑफसेटची यंत्रं आली, तयार पत्रिकांचे आल्बम आले, आमचं काम आटलं. ब्याण्णव साली छापखाना बंद झाला. यंत्र भंगारात गेलं. मला भुजंग घरी घेऊन गेला. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं, त्या दिवशी त्यानं मला रॉकेलनं पुसलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि परत भिंतीला टेकवून ठेवलं.

आता त्यानं मला तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात दिलं आहे, म्हणून तुमच्याशी बोलायला मिळालं. तुमचे सर भले आहेत. ते मला रुपेरी रंग देणार आहेत, खाली पाटी लावणार आहेत. काल ते भुजंगला म्हणत होते, ही पितळी पट्टी कोपऱ्यात तुटली आहे, नवीन बसवून घेऊ, म्हणजे वस्तू नीट दिसेल.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. गंज चढला तर चढू द्या. तुमच्यापुढं कुणी तयार चौकट ठेवली आणि वरच्या ओळी सगळ्यांच्याच असतात म्हणून सांगितलं, तर त्या ओळी मोठ्यानं वाचा, आणि कुणी बसवल्या ते विचारा. एवढं केलंत तरी मला पुरे.

आणि सरांना माझा एक निरोप द्या. रंग द्या, पाटी लावा, पाटीवर तुम्हाला हवं ते लिहा. पण त्या तीनशे पत्रिकांवर छापखान्याचं नाव नव्हतं. नावाच्या जागी लोकांना एवढा एक तुटका कोपरा सापडला, आणि त्याच्या आधारानं ते आमच्या दारापर्यंत आले. तो कोपरा मी कुणालाही सरळ करू देणार नाही.